दहावर धरलेली टेप

मिस्त्रीच्या टेपला टोक नव्हतं. कधीतरी ती जिन्यावरून पडली, टोकाची आकडी तुटली, आणि सुरुवातीचे चार-पाच आकडे घासून घासून पार गेले. दुसऱ्या कुणी ती टेप फेकून दिली असती. मिस्त्री दहाचा आकडा फळीच्या काठावर धरायला लागला. शंभर हवे असले की एकशे दहावर खूण, दोनशे हवे असले की दोनशे दहावर. मनातल्या मनात दहा वाढवायचे, पेन्सिल कानावर खोचायची आणि करवत उचलायची. तीस वर्षं हे असंच चाललं. तेवढ्या काळात त्याचं एक कपाट डुगडुगलं नाही की एक दार चौकटीला घासलं नाही.

कुणी म्हणालंच, की मिस्त्री, कपाट भिंतीला नीट टेकत नाही, तर तो उठून बघायलासुद्धा यायचा नाही. "कपाट सरळ आहे. भिंत तिरकी आहे. गवंड्याला बोलवा," म्हणायचा आणि रंधा मारत राहायचा. गवंडी आला की निघायचं तसंच. त्यामुळे गवंड्याचं आणि मिस्त्रीचं कधी पटलं नाही.

त्याचं दुकान शाळेच्या मागच्या भिंतीला लागून होतं. मी शाळेत भाषा शिकवायचो. वर्गात कविता रंगात आली की नेमकी पलीकडून करवत सुरू व्हायची. पोरं हसायची, मी थांबायचो. करवत थांबली की पुन्हा सुरू करायचो. अशा हप्त्याहप्त्याने मी पंधरा वर्षं कविता शिकवल्या. भुश्श्याचा आणि सरसाचा वास खिडकीतून वर्गात यायचा तो वेगळाच. आजही कुठं ताजं लाकूड कापलेलं नाकाला लागलं की मला फळ्यावरचा खडू दिसतो.

मिस्त्रीची भाची आमच्या शाळेत होती. बहीण पलीकडच्या गल्लीत राहायची, पण पोरगी शाळा सुटली की मामाच्या दुकानात. तेरा वर्षांची, हडकुळी, आणि एकदा एखादी गोष्ट धरली की सोडायची नाही. म्हणून मामानेच तिला पक्कड म्हणायला सुरुवात केली. तिने 'मामा' म्हणावं आणि त्याने "काय गं पक्कड" म्हणावं, हे सगळी शाळा भिंतीपलीकडून ऐकायची. शेवटी निम्मी शाळा त्याला मामा म्हणायला लागली आणि पूर्ण शाळा तिला पक्कड.

बावीस वर्षांपूर्वी विज्ञानाच्या बाई एक छापील पत्रक घेऊन शिक्षकांच्या खोलीत आल्या. मुलांनी स्वतः रोबोट करायचा आणि स्पर्धेत उतरवायचा, असं त्यात होतं. आधी आसपासच्या सहा शाळांची स्पर्धा, त्यातला पहिला संघ पुढे मोठ्या स्पर्धेला.

हेडसरांनी चष्मा कपाळावर नेला. "रोबोट म्हणजे तो चालणारा माणूस?"

"माणूस नाही सर. डबा. चाकं असलेला डबा."

"मग डबा म्हणा की. घाबरवता कशाला?"

अशी ती सुरुवात. आज बारक्या पोरांच्यासुद्धा पाठीवर लॅपटॉप असतो आणि यंत्राचे भाग खोक्यातून आयते येतात. तेव्हा शाळेत कॉम्प्युटर एक होता. त्याला कारकुनाच्या बायकोने शिवलेला झालरीचा अभ्रा होता आणि तो काढायला हेडसरांची परवानगी लागायची. बाईंनी चार मुली निवडल्या. पक्कड त्यात आपणहून शिरली. त्यांनी साबणाचा डबा घेतला, खेळण्यातल्या गाडीच्या मोटारी काढल्या, बुटाच्या पॉलिशच्या डब्यांची झाकणं चाकं म्हणून लावली. पुढे निखारे उचलायचा चिमटा बसवला. बाईंनी कुठून तरी सर्किटची पाटी मिळवली. मुलींचे हात काळे, बाईंच्या पदराला डाग, आणि सगळ्या खोलीत वितळलेल्या कथलाचा धूर. यंत्राचं नाव ठेवलं कासव, कारण ते तसंच चालायचं.

काम तसं सोपं होतं. दोनशे सेंटिमीटर लांबीचं टेबल. एका टोकाला यंत्र ठेवायचं, दुसऱ्या टोकाला एक कडी उभी करायची. यंत्राने सरळ जायचं, कडी चिमट्यात धरायची आणि उलट्या पावली परत यायचं. मध्ये कुणी हात लावायचा नाही. पण कासवाला डोळे कुठले? म्हणून पक्कडने चाकापाशी एक बटण बसवलं. चाकाचा अर्धा फेरा झाला की ते 'टक्' करून दाबलं जायचं. एक टक म्हणजे दहा सेंटिमीटर. इतके टक झाले की थांब आणि चिमटा मिट, एवढंच कासवाला सांगून ठेवायचं.

राहिलं टेबल. आमच्याच शाळेत सहा शाळांची स्पर्धा व्हायची, म्हणून ते आम्हीच करायचं होतं. बाई मिस्त्रीच्या दुकानात गेल्या, मी सोबत गेलो.

"लांबी बरोबर दोनशे हवी हं मिस्त्री. पत्रकात तसं आहे."

मिस्त्रीने रंधा खाली ठेवला. "बाई, तुम्ही मला माप सांगा. बरोबर की चूक ते सांगू नका."

पण शाळेचं काम, त्यात भाचीचं, म्हणून त्याने एक गोष्ट केली, जी तीस वर्षांत केली नव्हती. नवी टेप आणली. पिवळीधमक, टोकाला चकचकीत आकडी. टेबलाच्या फळीवर त्याच टेपने पहिली खूण केली, आणि काम झाल्यावर ती भाचीला देऊन टाकली. "घे. तुझ्या कासवाला वापर. मला माझी म्हातारी बरी."

टेबल सुरेख झालं. सगळ्या कडांना बोटभर उंचीची पट्टी, वर हिरवा रंग. पक्कड आणि तिच्या मैत्रिणी रोज शाळा सुटल्यावर त्यावर कासव चालवायच्या. पहिल्या दिवशी ते काठाच्या पट्टीवर जाऊन आदळलं, दुसऱ्या दिवशी गोल फिरत राहिलं, आठव्या दिवशी सोळा टक होऊन थांबलं आणि कडी अलगद चिमट्यात आली. त्या चौघी अशा ओरडल्या की हेडसर खोलीतून पळत बाहेर आले. त्यांना वाटलं, कुणाला करंट लागला.

सहा शाळांच्या स्पर्धेत माझ्या हातात घड्याळ दिलं होतं. मला यंत्रातलं काही कळत नाही, म्हणजे मी कुणाची बाजू घेणार नाही, असा हेडसरांचा हिशेब. बघायला माणसं किती? पन्नास धरा. त्यात पंधरा जण मिस्त्रीच्या दुकानातलं गिऱ्हाईक.

बाकीच्या पाचही शाळांची यंत्रं धडाधड गेली आणि कडीवर आपटली. कडी पडली की बाद. तळ्याकाठच्या शाळेचं यंत्र तर आमच्यापेक्षा देखणं होतं, तेही गेलं आणि आपटलं. त्यांचे सर कपाळाला हात लावून म्हणाले, "अहो, रोज तर बरोबर थांबतंय!"

"सगळ्यांचं रोज बरोबर थांबतं," आमचे हेडसर मला हळूच म्हणाले. "गणित कच्चं आहे त्यांचं."

आमचं कासव डुलत डुलत गेलं. सोळा टक मी स्वतः मोजले. थांबलं, चिमटा मिटला, कडी घेऊन परत आलं. मिस्त्री दाराशी उभा होता. त्याने टाळी वाजवली नाही, फक्त कानावरची पेन्सिल काढून दुसऱ्या कानावर ठेवली. त्याला आनंद झाला की तो तसं करायचा.

चषक हेडसरांच्या खोलीतल्या काचेच्या कपाटात बसला. कपाट मिस्त्रीनेच केलेलं.

महिन्याभराने मोठी स्पर्धा झाली. आम्ही सगळे बसने गेलो, मिस्त्रीही दुकान बंद करून आला. तिथली टेबलं पांढरी, गुळगुळीत, आणि बघायला बाकं लावलेली. प्रत्येकाला तीन वेळा संधी. यंत्र एकदा टेबलावर ठेवलं की आतलं काही बदलायचं नाही, असा नियम.

कासव निघालं. सोळा टक झाले. थांबलं. चिमटा मिटला आणि हवा पकडली. कडी वीतभरापेक्षा जवळच, पण समोर उभीच्या उभी.

मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "अरे, कडीला लाजतंय ते!" सगळं सभागृह हसलं.

दुसऱ्या वेळी तेच. तिसऱ्या वेळी तेच. एक टक कमी. पक्कड टेबलाशी ताठ उभी होती. "बाई, सोळाच होते," एवढंच म्हणाली. परतीच्या बसमध्ये तिच्या मैत्रिणी तिच्यावर तुटून पडल्या. "टक मोजायचं काम तुझं होतं. तूच चुकलीस." बाईंनी समजूत घातली, पण त्यांच्याही मनात तेच होतं, हे आवाजावरून कळत होतं. माझ्या मनातही तेच होतं. खोटं कशाला सांगू?

पक्कडने रोबोटचं नाव घेणं सोडलं. तिसऱ्या दिवशी मी मिस्त्रीच्या दुकानात खुर्चीचा पाय घेऊन बसलो होतो, तेव्हा ती आली आणि पिवळी टेप त्याच्या पुढ्यात ठेवली.

"मामा, ही तुझी तू ठेव."

"का गं?"

"मला मोजता येत नाही. सगळे म्हणतात." आणि ती गेली. रडली वगैरे नाही. रडली असती तर बरं झालं असतं, असं तिचं तोंड होतं.

मिस्त्रीने टेप उचलली. मग म्हणाला, "हिची आई म्हणत होती, पोरगी नीट जेवत नाही. चल, शाळेत जाऊ. बाईंना ते टेबल प्रयोगशाळेला हवंय, पायांचं माप घ्यायचंय."

पिवळी टेपच हातात होती, तीच त्याने नेली. टेबलाखाली वाकायच्या आधी सहज म्हणून लांबीला लावली. या वेळी दुसऱ्या टोकाला मी होतो. तो म्हणाला, "तिकडं आकडी अडकव." मी अडकवली. त्याने आकडा बघितला. पुन्हा बघितला.

"मास्तर, तिकडं नीट लागली का?"

"लागली."

"एकशे नव्वद येतंय."

मग त्याने खिशातली म्हातारी काढली, दहा काठावर माझ्या बोटाखाली धरायला दिला आणि पलीकडे गेला. तिथं आकडा होता दोनशे. मला काही समजेना. दोन टेपा, दोन आकडे. मिस्त्री मात्र जमिनीवरच बसला. तिथूनच त्याने मला समजावलं, शब्द शब्द काढून. टेबल कापताना हातात नवी टेप होती. डोक्याला माहीत होतं की नव्या टेपला दहा वाढवायचे नाहीत, म्हणून त्याने दोनशेवर खूण केली. पण हाताला कुणी सांगितलं नव्हतं. हात तीस वर्षांच्या सवयीने दहावरच धरून बसला होता. गेले दहा. म्हातारीवरचे दोनशे म्हणजेही एकशे नव्वदच.

"मोजलं कसं नाही कुणी पुन्हा?" मी विचारलं.

"तुम्ही मोजलं?"

मिस्त्रीचं माप आहे म्हटल्यावर कोण मोजतंय? बाईंनी नाही मोजलं, पक्कडने नाही मोजलं. आणि मग माझ्याही डोक्यात उजेड पडला. त्या पाच शाळांचं गणित कच्चं नव्हतं. त्यांनी पत्रकाप्रमाणे जमिनीवर दोनशेच्या रेघा मारून सराव केला होता आणि आमच्या आखूड टेबलावर येऊन बिचारे कडीवर आपटले होते. चषक आमचा नव्हताच.

खोलीत आम्ही दोघंच होतो. मी म्हणालो, "मिस्त्री, गुपचूप एक पट्टी जोडून टाक. रंग मारला की कुणाला कळणार नाही."

त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याला तिरकी भिंत दाखवत होतो. "आणि पोरीचं काय? ती जन्मभर म्हणणार, मला मोजता येत नाही."

"तिला एकटीला सांग."

"ती एकटीच चुकली असं सगळ्यांनी म्हटलंय ना? मग सगळ्यांना सांगायला नको?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी शाळा पटांगणात रांगेत उभी असताना मिस्त्री आत आला. अंगावर धुतलेला सदरा, कानावर पेन्सिल नाही. हेडसरांना विचारलंही नाही, सरळ पुढे जाऊन उभा राहिला. चारशे पोरांसमोर बोलायची त्याला सवय नव्हती. लाकूड कापावं तसं बोलला.

"टेबल मी केलं. दोनशेचं सांगितलं होतं. मी एकशे नव्वदचं केलं. पक्कडने बरोबर मोजले. चूक तिची नाही, माझी आहे. तो चषकही आपला नाही. तो परत द्यायला पाहिजे."

हेडसर लगबगीने त्याच्याजवळ आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "अहो मिस्त्री, झालं ते झालं! चषक आता कपाटात बसलाय."

"कपाट मीच केलंय. मला उघडता येतं."

पोरं फिस्सकन हसली आणि हेडसरांनाही हसू आवरलं नाही. तिथंच ठरलं. पक्कड तिसऱ्या रांगेत होती. ती हसली नाही. रांग सोडून पुढे आली, मामाच्या सदऱ्याच्या खिशात हात घातला, पिवळी टेप काढून घेतली आणि परत रांगेत जाऊन उभी राहिली.

त्या आठवड्यात मिस्त्रीचं दुकान बऱ्यापैकी रिकामं होतं. दोन गिऱ्हाइकांनी आपापली दारं पुन्हा मोजून घेतली. गवंडी तर मुद्दाम दुकानावरून तीनदा गेला. मिस्त्रीने टेबलाला दहा सेंटिमीटरची पट्टी जोडली. जोड इतका साफ की डोळे मिटून नख फिरवलं तरी लागायचा नाही. पण पट्टीला हिरवा रंग मारला नाही, तशीच कोरी ठेवली. बाई म्हणाल्या, "विचित्र दिसतंय." तो म्हणाला, "दिसू दे."

सहाही शाळांना परत बोलावलं. आणि या वेळी स्पर्धेच्या आधी मिस्त्रीने पिवळी टेप भाचीच्या हातातून घेऊन तळ्याकाठच्या पोरांना दिली. "आधी मोजा. सगळ्यांनी मोजा. माझ्या मापावर जाऊ नका." सहाही शाळांची पोरं एकामागून एक गुडघे टेकून टेबल मोजत गेली आणि मोठ्याने आकडा सांगत गेली. दोनशे, दोनशे, दोनशे. तळ्याकाठच्या शाळेने चषक नेला. आमचं कासव दुसरं आलं. सतरा टक, कडी चिमट्यात, पण चाल कासवाची.

पुढच्या वर्षी बारा शाळा आल्या, मग तीस. शाळेची खोली पुरेना, मग मोठं सभागृह घ्यावं लागलं. सगळी टेबलं मिस्त्री करायचा आणि प्रत्येक स्पर्धेआधी पोरं गुडघे टेकून मोजायची. पत्रकात तसं काही नव्हतं. इकडची रीतच पडून गेली. मग एके वर्षी कारखान्यातून घडीची मैदानं आली, हलकी, रंगीत, पाहिजे तेव्हा उघडा. मिस्त्रीचं ते काम थांबलं. त्याला त्याचं वाईट वाटलं असेल तर त्याने सांगितलं नाही. मला वाटलं. भुश्श्याचा वास नसलेली स्पर्धा मला अजून स्पर्धा वाटत नाही.

गेल्या महिन्यातल्या स्पर्धेला दोनशे बारा संघ होते. यंत्रांना डोळे, कान, सगळं. गर्दी एवढी की मला बसायला जागा मिळेना. मिस्त्रीला मिळाली, कारण मुख्य पंच त्याची भाची. पस्तीस वर्षांची झाली, गळ्यात शिट्टी, आणि अजून तशीच हडकुळी. नियमांच्या पुस्तकात आता छापलेलं आहे, सामन्याआधी प्रत्येक संघाने मैदान स्वतः मोजावे. ते वाक्य तिचं.

पहिल्या फेरीत एका संघातली पोरगी गुडघ्यावरून ओरडली, "तीनशे एक!" बाजूच्या मैदानावरून, "तीनशे एक!" मैदान तीनशेचं असायला हवं होतं. भाचीने शिट्टी वाजवली. मैदानं पुरवणारा तरुण धावत आला. "मॅडम, कारखान्याचा माल आहे. एका सेंटिमीटरने काय फरक पडतोय?"

"मामा," भाचीने हाक मारली, "ये रे जरा इकडं."

एकोणऐंशी वर्षांचा माणूस. गुडघे वाकत नाहीत. तरी उठला, खिशातून म्हातारी काढली. मी बघत होतो. त्याचा हात थेट दहावर गेला. तो दहा भाचीने काठावर दाबून धरला. पलीकडे पोहोचायला त्याला बराच वेळ लागला. सगळं सभागृह थांबून राहिलं.

"तीनशे अकरा दिसतंय," तो म्हणाला. "दहा गेले. तीनशे एक." मग त्या तरुणाकडे वळला. "वाईट वाटून घेऊ नका. मी दहाने चुकलो होतो. तुमचा कारखाना एकानेच चुकलाय. हुशार आहे."

भाचीने माईक घेतला, सगळ्या संघांना मैदानाची खरी लांबी सांगितली आणि यंत्रं जुळवून घ्यायला अर्धा तास दिला. पोरांची झुंबड लॅपटॉपवर पडली. मग ती मिस्त्रीपाशी आली.

"मामा, दहा वजा केलेस ना नक्की?"

"केले."

तिने खिशातून पिवळी टेप काढली. तिचा पिवळेपणा आता उरला नव्हता, पण टोकाची आकडी जागेवर होती.

मिस्त्रीने पेन्सिल एका कानावरून काढून दुसऱ्या कानावर ठेवली आणि तिला वाट करून दिली.

"मोज," म्हणाला.